नाग्याचा देवावरचा दावा

घरच्यांकडून आणि देवाकडून ज्या अपेक्षा बाळगून पोर मोठे होते, त्या एकेक करून मोडत जाणे हा जडणघडणीच्या कादंबरीचा मुख्य विषय आहे. मराठीत त्याची ठळक उदाहरणे आहेत. १९६३ साली आलेल्या भालचंद्र नेमाडे यांच्या ‘कोसला’त खानदेशातला पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो आणि रिकाम्या हातांनी गावी परततो. मधल्या काळात धाकटी बहीण मनू जाते आणि त्याचे घराशी, बापाशी, एकूण जगण्याशीच असलेले नाते उसवते. मिलिंद बोकील यांच्या ‘शाळा’त (२००४) आणीबाणीच्या दिवसांतला नववीतला मुकुंद जोशी मोठ्यांचे जग किती पोकळ आहे ते जवळून बघतो. या दोघांच्याही पुष्कळ आधी, १९३३ साली साने गुरुजींनी नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ आहे. त्यात घर कर्जात आणि भाऊबंदकीत बुडते, पण आईने शिकवलेला देव शाबूत राहतो.

या यादीवरून एक निष्कर्ष काढण्याची सवय मराठी वाचकांना आणि काही समीक्षकांनाही जडली आहे. असा अपेक्षाभंग ही शिकलेल्या आणि पोट भरलेल्या घरांतली गोष्ट आहे, असे मानले जाते. देवाशी भांडायला फुरसत लागते आणि बापाशी भांडायला बापाची इस्टेट लागते. डोंगरातल्या पोराकडे दोन्ही नसते. त्याचे घर म्हणजे सगळा पाडा, त्याचा देव म्हणजे समोरचा डोंगर, आणि डोंगराकडून कुणी काही मागत नाही, म्हणून निराशही होत नाही, असा हा युक्तिवाद आहे. पालघर जिल्ह्यातल्या जव्हार-मोखाड्याचा विषय निघाला की तो विशेष आवेशाने मांडला जातो. पावसाळ्यात लेंडी नदीवरचा दाभोसा धबधबा बघायला आलेला माणूस कड्याचे फोटो काढतो, वाटेतल्या भिंतीवर वारली चित्र दिसले की त्याचाही काढतो, आणि ‘ही माणसे किती समाधानी’ असे म्हणत परततो. समीक्षेतला हा निष्कर्ष त्या उद्गाराहून फार वेगळा नाही. फक्त तो जाड पुस्तकांच्या आधाराने केलेला असतो.

तो चुकीचा आहे, आणि तो खोडायला मराठीतली एकच कादंबरी पुरेशी आहे. गोपाल नीलकंठ दांडेकर ऊर्फ गोनीदा यांची ‘जैत रे जैत’ बहुतेकांना जब्बार पटेल यांच्या १९७७ च्या चित्रपटामुळे माहीत आहे. मोहन आगाशे यांचा नाग्या, स्मिता पाटील यांची चिंधी, ना. धों. महानोर यांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकर यांचे संगीत लोकांच्या मनात इतके पक्के बसले आहे की मूळ कथा गाण्यांआड गेली. कादंबरीची गणना ‘रानातली प्रेमकथा’ म्हणून होऊ लागली. तिचा गाभा मात्र प्रेमात नाही.

कर्नाळ्याच्या परिसरातल्या ठाकरवाडीत भगताचा मुलगा नाग्या वाढतो. पाप म्हणजे काय, पुण्य म्हणजे काय, असले प्रश्न तो लहानपणापासून विचारतो. त्याला सांगितले जाते की लिंगोबाच्या डोंगरावरची राणीमाशी पुण्यवंतालाच दिसते. नाग्या हे शब्दशः खरे धरतो. खोटे बोलायचे नाही, कुणाचे वाईट करायचे नाही, असे व्रतच तो धरतो. आणि मोहोळाकडे गेल्यावर माशी त्याच्या डोळ्यावर चावते. डोळा जातो. पाप केलेले नाही, तरी शिक्षा झाली. तिथून पुढे लिंगोबाच्या कड्यावरचे मोहोळ उतरवायचे एवढाच त्याचा ध्यास उरतो. नको असलेल्या नवऱ्याला सोडून आलेली चिंधी त्याच्या ध्यासात सामील होते. शेवटी पोळे पडते आणि त्याच तडाख्यात चिंधी जाते.

अपेक्षा, तिचा भंग, भंगानंतरची घडण: जडणघडणीच्या कादंबरीला लागणारे सारे इथे आहे. तरीही ‘कोसला’च्या शेजारी ‘जैत रे जैत’ ठेवून वाचण्याचा उद्योग फारसा झाला नाही. याचे कारण कादंबरीत शोधण्यापेक्षा वाचकाच्या गृहीतकांत शोधणे बरे.

या वाचनावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की नाग्याचा अपेक्षाभंग त्याचा नव्हेच, तो लेखकाचा आहे. गोनीदा कीर्तन-पुराणांच्या परंपरेत मुरलेले. पाप-पुण्याचा जमाखर्च त्यांनी ठाकराच्या पोराच्या माथी मारला. आदिवासींच्या धर्मात असा वैयक्तिक हिशेब नसतोच, असे हे म्हणणे आहे. यातला एक भाग मान्य करावा लागतो. ‘पुण्यवंत’ ही कल्पना गोनीदांच्या हातून आली आहे आणि तिला पोथीचा वास आहे. पण त्यावरून देवाकडे हिशेब मागणेच बाहेरून आले, असे ठरत नाही. जव्हार-मोखाड्यातला रोजचा धर्म पाहिला तर उलटेच दिसते.

इथल्या वारली घरात मोरपिसांच्या जुडग्यात हिरवा देव असतो. धान्यात कणसरी असते, शिवेवर वाघदेव असतो, गावाला गावदेव असतो. लग्नात सवाशिणी भिंतीवर पालघटाचा चौक लिहितात आणि लग्न लावते ती धवलेरी, म्हणजे बाई. यातला जवळजवळ प्रत्येक देव काहीतरी देण्याच्या बदल्यात काहीतरी घेतो. नवस बोलला जातो, कोंबडा कबूल केला जातो, आणि देव पावला तरच तो फेडला जातो. आजार हटला नाही तर भगत तांदळाचे दाणे पाहून कुठला देव कशासाठी अडून बसला आहे ते सांगतो. त्याने सांगितलेला उपाय लागू पडला नाही तर माणसे दुसऱ्या पाड्यावरच्या भगताकडे जातात. १९४५ साली प्रसिद्ध झालेला के. जे. सावे यांचा वारल्यांवरचा ग्रंथ किंवा १९६० चा ल. ना. चापेकर यांचा सह्याद्रीतल्या ठाकरांवरचा ग्रंथ चाळला तरी दिसते की या समाजांचा देवाशी असलेला व्यवहार काटेकोर असतो. डोंगराकडे डोळे मिटून हात जोडणारा, काहीच न मागणारा आदिवासी हा शहरी कल्पनेचा रहिवासी आहे. जिथे करार आहे, तिथे करारभंगही आहे. ठाकरांच्या वस्त्या जव्हार आणि मोखाडा तालुक्यांतही आहेत. नाग्याची तक्रार समजायला तिथल्या कुणाला पोथी उघडावी लागणार नाही.

फरक आहे तो तक्रारीच्या प्रकारात, आणि तो नीट न पाहिल्यामुळेच सगळा गोंधळ होतो. पांडुरंग सांगवीकरसमोर प्रश्न उभा राहतो तो अर्थाचा: मनू मेली याला काही अर्थ आहे का? नाग्यासमोरचा प्रश्न न्यायाचा आहे. देव आहे की नाही हे तो विचारतच नाही. तो म्हणतो, मी माझी बाजू पाळली, देवाने पाळली नाही. मध्यमवर्गीय नायक देवावरचा विश्वास गमावतो आणि हळूहळू देवाला विसरतो. नाग्याला देव विसरता येत नाही, कारण देव प्रतिवादी आहे, आणि प्रतिवादीच नाही म्हटले तर दावाच उरत नाही. म्हणून तो अधिक निश्चयाने त्याच डोंगराकडे वळतो. याला अश्रद्धा म्हणणे चूक आहे आणि श्रद्धा म्हणणेही अपुरे आहे.

देव आणि देवाचे सोंग यांतला फरक या मुलखातल्या पोराला लहानपणीच कळतो, हेही इथे नोंदवायला हवे. जव्हार-मोखाड्यात होणाऱ्या बोहाड्यात रात्रीच्या मशालींत, संबळाच्या तालावर देव-दानवांचे मुखवटे नाचतात. गणपती येतो, सरस्वती येते, राक्षस येतात, देवी महिषासुराला मारते. मुखवट्यामागे कुणाचा काका आहे आणि कुणाचा शेजारी, हे मुलांना ठाऊक असते. तरी मुखवट्याला नारळ वाढवला जातो. देवामागे माणूस आहे हे कळल्याने विश्वासाला तडा जातो, हा अनेक युरोपीय कादंबऱ्यांतला कळीचा प्रसंग इथे प्रसंगच होऊ शकत नाही. तडा जातो तो देव दिल्या शब्दाला जागला नाही म्हणून. समीक्षकांना पहिल्या प्रकारचा तडा सापडत नाही, आणि म्हणून तडाच नाही असे ते ठरवून टाकतात.

आता घराचा मुद्दा. नाग्याचा बाप भगत आहे, ही गोष्ट वाचताना सहज निसटते. ‘श्यामची आई’त देवाची ओळख आई करून देते, पण देव आईपेक्षा मोठा राहतो, घर हरले तरी तो हरत नाही. ‘कोसला’त बापाचा अधिकार पैशाचा, जमिनीचा, कर्त्या पुरुषाचा आहे, धर्म त्याच्या बाजूला कुठेतरी आहे. नाग्याच्या घरी दोन्ही एका तोंडून बोलतात. ज्याने जेवू घातले त्यानेच लिंगोबाचा कायदा सांगितला. त्यामुळे कायदा खोटा ठरला की एकाच फटक्यात देवही खोटा पडतो आणि बापही. इथे घराबद्दलचा अपेक्षाभंग आणि देवाबद्दलचा अपेक्षाभंग ही दोन स्वतंत्र प्रकरणे करताच येत नाहीत, आणि माझे-तुझे भांडण करून घर सोडणे हा शहरी नायकाचा मार्गही नाग्याला उपलब्ध नाही. बापाशी भांडायचे तर त्याला डोंगराशीच भांडावे लागते. मराठी कादंबरीत ही गुंफण दुर्मीळ आहे, आणि ती एका भगताच्या झोपडीत घडते, दिवाणखान्यात नव्हे.

आदिवासी घर म्हणजे सगळा पाडा, तिथे एकटे पडणे नाही, हा दुसरा गोड समज. त्याचे उत्तर कादंबरीपेक्षा इतिहासाने जास्त कडक दिले आहे. १९४५ च्या वारली उठावाआधी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात लग्नगडी नावाची वेठ होती. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घेतले की नवरा आणि त्याची नवी बायको दोघेही सावकाराचे बांधील होत, पुष्कळदा जन्मभर. म्हणजे ज्या घटनेने तरुण स्वतःचे घर उभे करतो, त्याच घटनेने तो घर गमावत असे. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (१९७०) या पुस्तकात त्या काळाचे तपशील दिले आहेत. त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कादंबरी नसली तरी जडणघडणीचे एवढे मोठे पुस्तक मराठीत क्वचितच असेल: त्यात एक समाजच्या समाज वयात येतो. कालपर्यंत सावकाराला जो अधिकार देवाने दिला असे वाटत होते, तो कुणीच दिलेला नाही, हे माणसांना उमगते. यात अपेक्षाभंग कुठे आहे, असे विचारणाऱ्याने एवढेच पाहावे की सावकाराविरुद्ध उठलेल्या माणसांना आधी किती काळ नशिबाच्या हवाली राहण्याची सवय झाली होती.

वेठ गेली, पण घर पुन्हा पुरते जमले नाही. जव्हार-मोखाड्यात पाऊस भरपूर पडतो, पण पाणी उतारावरून वाहून जाते. भात, नागली, वरई काढून झाली, दिवाळी झाली की माणसे जगायला जातात. भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर मालकाची उचल फेडत उन्हाळा काढायचा आणि पावसाच्या तोंडावर परतायचे. शिमग्याला जमेल तो गावी येऊन जातो. मुलाला बरोबर न्यावे तर शाळा बुडते. मागे ठेवावे तर आजी किंवा आश्रमशाळा. राज्य सरकारच्या आश्रमशाळा योजनेला १९७२-७३ पासून आकार आला आणि जव्हारच्या पट्ट्यात त्या शाळांनी मुलांच्या कित्येक पिढ्या वाढवल्या. दाभोशासारख्या गावातल्या मुलाचे आईबापांविषयीचे दुःख या वर्षाच्या चक्रातून येते. बाप जुलमी आहे म्हणून ते होत नाही, बाप सहा-सहा महिने नसतो म्हणून होते. त्यात कुणाला दोषी ठरवता येत नाही, म्हणून ते बंडाच्या रूपात दिसत नाही. जडणघडणीच्या कादंबरीची व्याख्या बापाविरुद्धच्या बंडावर बेतली की हे दुःख त्या व्याख्येतून गळून पडते. व्याख्येचा दोष आहे तो.

तिसरा प्रतिपक्ष वेगळ्या दिशेने येतो, आणि त्याला आदिवासींबद्दल आस्था आहे म्हणून त्याचा प्रतिवाद अधिक काळजीने करावा लागतो. या पक्षाच्या मते ‘जैत रे जैत’ ही अंधश्रद्धेच्या पराभवाची कथा आहे: पोराने देवाचे मोहोळ पाडले, बापाची भगतगिरी मोडीत काढली, विवेक जिंकला. भगतगिरीचा काळा भाग खराच आहे. गावातल्या एखाद्या म्हातारीला भुताळी ठरवून तिचे आणि तिच्या घराचे जिणे हराम करणे हे भगताच्या शब्दावरच होते, आणि २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा उगीच झालेला नाही. आदिवासी श्रद्धेचे गोडवे गाणाऱ्यांनी ही म्हातारी नजरेआड करू नये. पण कादंबरी विवेकाच्या विजयाची नाही. मोहोळ पडते तेव्हा देव हरला असे ती म्हणत नाही. जैत झाले खरे, पण जिच्या बळावर झाले ती उरली नाही. करारभंगाचा दावा नाग्या जिंकतो आणि नुकसानभरपाई म्हणून त्याच्या पदरात चिंधीचे प्रेत पडते. एवढा कडू निकाल प्रबोधनाच्या प्रचारपत्रात बसत नाही.

चिंधीच्या बाबतीत मात्र कादंबरीला जाब विचारायला हवा. वारली-ठाकर समाजांत बाईला नवरा सोडता येतो, दुसरे घर करता येते. नव्या नवऱ्याने जुन्याचे देणे भागवले की जात हरकत घेत नाही. या मोकळिकीचे शहरी वाचकाला कौतुक वाटते आणि तिथेच त्याची चौकशी थांबते. चिंधी स्वतःच्या हिमतीने एक घर नाकारते आणि दुसरे घर निवडते, आणि त्या दुसऱ्या घराने तिला दुसऱ्याच्या भांडणात खर्ची घातले. लिंगोबाशी तिचा कसलाही करार नव्हता. तिने पुण्याचा हिशेब ठेवला नव्हता. घराबद्दलचा सगळ्यात मोठा अपेक्षाभंग या कथेत तिचा आहे, आणि लेखक तो नाग्याच्या जयघोषात जवळपास बुडवून टाकतो. गोनीदा बाहेरचे होते म्हणून असे झाले, हे म्हणणे सोपे आहे. पण ‘कोसला’तही मनू मरते ती पांडुरंगाच्या घडणीसाठीच. पुरुष नायकाचे शहाणपण बाईच्या मरणावर उभे करायची खोड मराठी कादंबरीला डोंगरात लागलेली नाही.

नाग्याचा दावा कादंबरीबाहेरही दिसतो. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने मुले मेली आणि हा पट्टा मुंबईच्या वर्तमानपत्रांत ठळकपणे आला. अशा वेळी आईबापांच्या अंधश्रद्धेकडे बोट दाखवणे सोपे असते: मुलाला दवाखान्याऐवजी भगताकडे नेले, म्हणून ते गेले. पण भगताकडे जाणारा बाप उत्तर मागायला जात होता, आणि रस्त्यावर येऊन मोर्चात चालणारा बापही उत्तरच मागत होता. प्रतिवादी बदलला, दावा तोच राहिला. नाग्याने लिंगोबाला विचारलेला प्रश्न जव्हारच्या तहसील कचेरीसमोर विचारला गेला तेव्हा त्यात पोथीतले काही नव्हते. शब्द पाळा, एवढीच ती मागणी होती. देवाबद्दल निराश झालेला माणूस नास्तिकच होतो असे नाही. बऱ्याचदा तो नागरिक होतो. या वळणाची कादंबरी मराठीला हवी होती, आणि वारली-ठाकर पोराच्या नजरेतून ती अजून पुरेशी लिहिली गेलेली नाही.

नजुबाई गावित यांच्या ‘तृष्णा’ने आदिवासी मुलीची घडण आतून सांगता येते हे दाखवले आहे. मग जव्हारच्या आश्रमशाळेत वाढलेल्या मुलाने किंवा मुलीने ते सांगण्यात अडचण कशाची? त्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात श्याम असतो, ग्रंथपाल उत्साही असेल तर कपाटात ‘शाळा’ही असते. नाग्या असला तर गाण्याच्या रूपात असतो, गॅदरिंगला नाचायला. श्यामचे दुःख आपले नाही हे त्या मुलांना लगेच कळते, आणि नाग्याचे दुःख आपले आहे हे त्यांना कळण्याची सोय कुणी केलेली नाही. ज्या मुलाला आपले दुःख पुस्तकात लिहिण्याजोगे आहे हेच कधी दिसले नाही, त्याच्याकडून कादंबरीची अपेक्षा धरायची आणि ती आली नाही की ‘या समाजाला असले प्रश्न पडत नाहीत’ असा निकाल द्यायचा, हा वादातला डाव अप्रामाणिक आहे.

जव्हार आणि मोखाड्यातल्या मराठीच्या शिक्षकांनी ‘जैत रे जैत’ गाण्यांपासून सोडवून वर्गात वाचायला घ्यावी, आणि वाचून झाल्यावर चिंधीच्या बाजूने काय म्हणता आले असते हे मुलांना लिहायला सांगावे.